लेक ऑफ द वुड्सवरील सात दिवस



अमेरिकास्थित बालमित्राच्या आग्रहावरून आम्ही चौघे मिनेसोटातील 'लेक ऑफ द वुड्स' या सरोवरावर सात दिवस मासेमारीस गेलो होतो. मिनेसोटा, ऑन्टॅरिओ व मॅनिटोबा यांत पसरलेल्या या सरोवरात १४,००० हून अधिक बेटे आहेत. कोकणकिनारी वाढलेल्या आम्हांसही पैलतीर दिसेना!

तेथील मानाचा मासा वॉलआय. १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमत्स्य. डोळ्यांतील परावर्तक पडद्यामुळे त्याला अंधुक प्रकाशातही उत्तम दिसते, म्हणून गळ टाकायचा तो पहाटे वा तिन्हीसांजेस.

आमच्यापैकी एकास काचबिंदूने ग्रासले आहे. हा प्रवास खरे तर त्याच्यासाठीच योजिला होता. वाऱ्याने तीन दिवस होडी काठालाच ठेवली. पुढे आम्हांस मासे लाभले, त्याचा गळ मात्र रिकामाच. सातव्या सांजेस त्याच्या हातातील दोर ताणला गेला. मासा वर आला, मोजला: २३ इंच. आणि १९.५ ते २८ इंचांचा मासा तत्काळ सोडावा, असा तेथील नियम. त्या मापाच्या माद्यांवर पुढची वीण अवलंबून असते.

आसपास चिटपाखरू नव्हते. "कोण पाहतोय?" असे आम्ही बोलूनही गेलो, हे कबूल केले पाहिजे.

"थांबा रे, एकदा हात फिरवू द्या," तो म्हणाला. डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याने बोटे फिरविली आणि स्वतःच वाकून मासा पाण्यात सोडला. त्या रात्री मुक्कामी आम्ही वरणभात जेवलो.