पावसाच्या पाण्याचं बिल कोण भरणार?

आजचा विषय गटारीचा आहे. हसू नका, आणि एपिसोड पुढंही ढकलू नका. कारण शेवटी प्रश्न तुमच्या-माझ्या खिशाचा आहे.

मे महिन्यातला वळीव आठवा. अर्धा तास धो धो पाऊस, आणि परीख पुलाखाली पाणी. बंद पडलेली मोपेड ढकलणारा एक जण, आणि त्याचं रील काढणारे चार जण. त्या वेळी पंचगंगा कुठं असते? खाली, पात्रात, शांत. म्हणजे हे पाणी नदीचं नव्हे. हे आपल्याच छपरांवरचं आणि आपल्याच पार्किंगमधलं.

हा फरक आधी नीट समजून घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये 56 च्या वर. तेव्हा नदीच जयंती नाल्यातून उलटी शहरात शिरते. तो महापूर. त्याचा इलाज धरणांचा विसर्ग, पूररेषा आणि नदीकाठची बांधकामं यात आहे. त्यावर वेगळा एपिसोड करू. आज बोलायचं ते वळवाच्या पाण्याबद्दल, जे दरवर्षी येतं आणि आपण दरवर्षी विसरतो.

एक सोपं गणित. एक गुंठा म्हणजे साधारण 100 चौरस मीटर. त्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की झालं 5 हजार लिटर पाणी. जमीन मातीची असेल तर त्यातलं बरंच मुरतं. पण स्लॅब, काँक्रीट, पेव्हिंग ब्लॉक असतील तर जवळपास सगळं रस्त्यावर. आता 20 गुंठ्यांचं मंगल कार्यालय धरा, पार्किंगसकट सगळं काँक्रीट. एका पावसात 1 लाख लिटर! हे पाणी चॅनलमधून नाल्यात जायचं, पण चॅनल गाळानं आणि प्लॅस्टिकनं भरलेलं. मग ते उताराखालच्या माणसाच्या दारात जातं. पाणी सोडणारा वेगळा, भोगणारा वेगळा.

बरं, चॅनल साफ का नसतं? नवीन गटार बांधायला योजना येते, निधी येतो, नारळ फुटतो. पण दरवर्षी गाळ काढायला नारळ कोण फोडणार? पूर्वी महापालिकेकडं जकातीचा हक्काचा पैसा होता. जकात गेली, एलबीटी आला, तोही गेला, 2017 मध्ये जीएसटी आला. आता राज्याच्या अनुदानाकडं डोळे. त्यात पगार, पाणी, रस्ते. गाळाचा नंबर शेवटचा.

काही शहरांनी यावर वेगळा रस्ता काढला. अमेरिकेत बेलव्ह्यू नावाच्या शहरानं 1974 मध्येच पावसाच्या पाण्याचा वेगळा विभाग केला, त्याचं वेगळं शुल्क लावलं. जर्मनीत बर्लिनमध्ये तुमच्या जागेत पाणी न मुरणारा भाग किती, ते मोजून दर चौरस मीटरला पैसे घेतात. छपरावर हिरवळ केली, पाणी जागेवरच मुरवलं, तर बिल कमी.

हे कोल्हापुरात लावून बघू. दर माझा, निव्वळ उदाहरणासाठी: वर्षाला चौरस मीटरमागं 3 रुपये. एक गुंठ्याचं घर, 300 रुपये. पाच गुंठ्यांत 20 फ्लॅटची इमारत, प्रत्येकी 75 रुपये. ते मंगल कार्यालय, 6 हजार. त्यानं अर्धं पार्किंग मोकळ्या मातीचं केलं, शोषखड्डा काढला, तर त्याचं बिल उतरेल. घरफाळ्यात अशी सवय लावणारी गोष्ट होत नाही. तिथं इमारत मोजतात, पाणी नाही.

आता तुम्ही म्हणणार, भावा, कोल्हापुरात आणि नवीन पैसे मागतोस? बरोबर. टोल कोण विसरलंय? शहरातले रस्ते खाजगीकरणातून झाले, 2013 मध्ये टोल सुरू झाला आणि अख्खं शहर रस्त्यावर आलं. एन. डी. पाटील सर, कॉम्रेड गोविंद पानसरे पुढं होते. जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. 2015 संपता संपता सरकारला टोल रद्द करावा लागला. राग फक्त पैशाचा नव्हता. काम कसं झालं आणि हिशेब काय, हा प्रश्न होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: शुल्क द्यावं, पण तीन अटींवर. एक, पैसा वेगळ्या खात्यात, दुसरीकडं वळवायचा नाही. कर आणि शुल्क यात फरकच तो आहे, शुल्काच्या बदल्यात ठरलेली सेवा मिळाली पाहिजे. दोन, कुठल्या प्रभागात कुठला नाला कधी साफ झाला, फोटोसकट मोबाईलवर दिसलं पाहिजे, तेही मेच्या आत. तीन, झोपडपट्टी आणि लहान घरांना माफी, आणि सरकारी कार्यालयांनाही बिल! त्यांचं छप्पर काय पाणी पितं?

आणि हो, नाल्यावरच बांधकाम झालं असेल, तर कितीही शुल्क गोळा केलं तरी पाणी आपली वाट शोधणारच. ते आधी हटवायला लागेल.

आज एक काम करा. मोबाईलवर नकाशा उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा, आपली गल्ली बघा. माती किती दिसते, काँक्रीट किती? मग घरफाळ्याची पावती काढा आणि त्यात पावसाच्या पाण्याचा रकाना सापडतो का बघा. काय दिसलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि वर्षाला 75 रुपये द्याल का, तेही सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, पण का नाही ते सांगा.

चला, भेटू. चॅनलमध्ये प्लॅस्टिक टाकू नका.