घरची कोठी

छत्तीसगढला धानाचा कटोरा म्हणतात. येथील खेड्यांतून जुन्या घरांत धान साठविण्यासाठी मातीची कोठी असते. गावातील सारे धान तिच्यात मावत नाही, आणि मावावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. घरात माणसे किती, पेरणीला बियाणे किती लागेल, पाहुणा आला तर काय, एवढा हिशेब करून ती भरलेली असते. आज ज्या कोठीविषयी मी बोलणार आहे ती धानाची नव्हे, संगणकाच्या आज्ञावलींची आहे. परंतु ती भरण्यामागचे शहाणपण मात्र हेच आहे.

संगणक विकत आणला, टेबलावर मांडला, की काम संपले, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः काम तेथून सुरू होते. यंत्राला कामाला लावणाऱ्या आज्ञावली गाठोड्यांच्या रूपाने मिळतात. त्यांना पॅकेज म्हणतात. ही गाठोडी ज्या ठिकाणी नीट मांडून ठेवलेली असतात, ते त्यांचे भांडार. डेबियन नावाच्या मुक्त प्रणालीचे भांडार या बाबतीत प्रसिद्ध आहे. इयान मरडॉक या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये आरंभिलेला हा उपक्रम आज जगभरचे स्वयंसेवक चालवितात. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने घडविलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७०,००० पॅकेजे आहेत. या भांडाराच्या हुबेहूब प्रती जगात ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. अशा प्रतीला या क्षेत्रात ‘मिरर’, म्हणजे आरसा, असे समर्पक नाव आहे. मूळ भांडारात जे बदलेल, ते आरशातही दिसले पाहिजे.

आता असा आरसा रायपुरासारख्या शहरातील एखाद्या कचेरीने आपल्यापुरता का ठेवावा? थोडे गणित करू. समजा, कचेरीत चाळीस संगणक आहेत आणि एका दुरुस्तीसाठी प्रत्येकाला ३०० मेगाबाइटांची पॅकेजे हवी आहेत. चाळीसही यंत्रांनी ती बाहेरून आणावयाची म्हटली, तर १२,००० मेगाबाइट होतात. सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणाऱ्या दूरध्वनीच्या तारेवर त्यास दोन तास चाळीस मिनिटे लागतील, आणि तेवढा वेळ दाखल्यासाठी खिडकीपुढे उभा असलेला माणूस उभाच राहील. तीच पॅकेजे एकदा आणून कचेरीतल्या एका यंत्रावर ठेवली, तर बाहेरची तार केवळ चार मिनिटे अडते. पुढची देवघेव घरातल्या घरात होते. एकाच विहिरीवर चाळीस जणांनी चाळीस खेपा घालण्यापेक्षा घरी एक रांजण भरून ठेवावा, इतकी ही साधी गोष्ट आहे.

शिवाय तार नेहमी शाबूत असतेच असे नाही. जानेवारी २००८ च्या अखेरीस ईजिप्तच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळावरील केबली तुटल्या आणि त्याची झळ भारतातील कचेऱ्यांना लागली. बस्तरच्या बाजूला तर समुद्रापर्यंत जावयासही नको. रस्त्याच्या खोदकामात कुदळीचा एक घाव पुरतो. अशा वेळी रायपूरच्या आरशाची प्रत एका हार्डडिस्कवर घेऊन ती रात्रीच्या बसने ३०० किलोमीटरवरील जगदलपुरास पाठविता येते. हा मार्ग कोणाला मागासलेला वाटेल. पण पिशवीतून जाणारी हार्डडिस्क पुष्कळदा तारेपेक्षा अधिक माल आणि अधिक लवकर पोचविते, हे संगणकशास्त्राला फार पूर्वीपासून मान्य आहे.

आणखी एक कारण आहे. दूरचे भांडार आपल्या मालकीचे नसते. मार्च २०१६ मध्ये एनपीएम नावाच्या भांडारातून एका लेखकाने वादाच्या भरात आपली सारी पॅकेजे काढून घेतली. त्यांतील एक पॅकेज अवघ्या अकरा ओळींचे होते. अक्षरांच्या डाव्या बाजूस ठराविक जागा भरणे, एवढेच त्याचे काम. परंतु त्यावर विसंबलेल्या हजारो आज्ञावलींची उभारणी जगभर एकाएकी खोळंबली. काही तासांत ते पॅकेज परत जागेवर आले, हे खरे. ज्यांच्या घरी त्याची प्रत होती, त्यांना मात्र त्या तासांची वाट पाहावी लागली नाही.

मग सारेच भांडार घरी का आणू नये? कारण ते कित्येक टेराबाइटांचे आहे, आणि त्यातील बहुतेक आपल्या कधीच कामी येणार नाही. येथे निवडीला आरंभ होतो. पहिली चाळणी यंत्राच्या जातीची: डेबियन अनेक जातींच्या प्रक्रियकांसाठी पॅकेजे बांधते, आपल्या कचेरीत त्यांपैकी एकच जात असते. दुसरी चाळणी आवृत्तीची: जी स्थिर आवृत्ती आपण चालवितो तेवढीच ठेवावी, चाचणीच्या शाखा दूर ठेवाव्यात. तिसरी चाळणी मूळ संहितेची: आज्ञावली स्वतः बदलावयाच्या नसतील, तर ती वगळता येते. पर्ल या भाषेच्या १९९५ मध्ये उघडलेल्या सीपॅन भांडाराची अशीच एक लहान प्रत ठेवण्याची रीत आहे. तीत प्रत्येक पॅकेजची केवळ ताजी आवृत्ती ठेवतात आणि जुन्या सोडून देतात. एवढ्याने भांडाराचा आकार इतका उतरतो की ते एका साध्या यंत्रावर सुखाने नांदते.

यावर कोणी म्हणेल की एवढी निवड तरी कशाला? जे कोणी मागेल ते आणावे आणि पुढच्यासाठी ठेवावे. अशी व्यवस्थाही आहे, आणि ती सोपी आहे. तथापि तिच्यात एक उणीव राहते. तार तुटल्यावर तिच्याजवळ केवळ तेच असते जे पूर्वी कोणीतरी मागितलेले होते. अडचण तर नेहमी नव्या वस्तूचीच पडते. आरसा मात्र कोणी मागण्यापूर्वीच भरलेला असतो.

प्रतीचा प्रश्न निघाला की तिच्या शुद्धतेचा प्रश्न आलाच. मराठी माणसाला तो नवा नाही. ज्ञानेश्वरी सिद्ध झाल्यावर सुमारे तीन शतके ती हातोहात उतरविली गेली, आणि प्रत्येक उतरविणाऱ्याच्या लेखणीबरोबर पाठ थोडाथोडा ढळत गेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि त्यात पदरची ओवी घालू नये असा इशाराही देऊन ठेवला. डेबियनच्या भांडारात हे काम गणित करते. प्रत्येक पॅकेजवरून काढलेली अंकाक्षरांची एक खूण यादीत नोंदलेली असते. एक अक्षर बदलले तरी ती खूण जुळत नाही. त्या याद्यांच्या खुणा एका मुख्य पत्रकात असतात आणि त्या पत्रकावर डेबियनची गुप्तलिपीतील मोहोर असते. म्हणून आरसा कोणाच्याही घरी असो, मोहोर तपासणाऱ्या संगणकाला त्यावर आंधळा विश्वास टाकावा लागत नाही.

मात्र मोहोर एवढेच सांगते की माल मूळ भांडारातून आला. तो निर्दोष आहे असे ती सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या आज्ञावलीत कोणी बुद्ध्या चोरवाट ठेवल्याचे उघडकीस आले. दूरच्या यंत्रात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती शोधून काढली. ती दूषित आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचली होती, स्थिर आवृत्तीत शिरली नव्हती. ज्याने केवळ स्थिर तेच घरी आणावयाचे असा नेम ठेवला होता, त्याची कोठी स्वच्छ राहिली.

आता शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: आरसा पुसत राहावा लागतो. येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाच्या २३,००० हून अधिक वाणांचा संग्रह आहे, डॉ. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात या मुलखातून गोळा केलेले हजारो वाण त्याच्या मुळाशी आहेत. ते बियाणे एकदा बरणीत भरले की कायमचे राहिले, असे नाही; त्याची उगवणशक्ती जाऊ नये म्हणून ते काही काळाने पुन्हा पेरून ताजे करावे लागते. आज्ञावलींचेही तसेच. जुनी प्रत म्हणजे उघडी राहिलेली भगदाडे. म्हणून डेबियनने सुरक्षेच्या दुरुस्त्यांच्या पत्रकावर मुदतच घालून ठेवली आहे. मुदत टळली की संगणक ते पत्रक नाकारतो. नूतनीकरणालाही क्रम आहे: आधी नवी पॅकेजे आणावीत, मग याद्या बदलाव्यात, आणि जुना माल सर्वांत शेवटी काढावा. हा क्रम उलटला, तर यादीत नाव आहे आणि फळीवर वस्तू नाही, असा प्रसंग ओढवतो. आणि या प्रसंगाची ओळख सरकारी कोठारात काम केलेल्या कोणालाही करून द्यावयास नको.

यंत्र हा नेम रात्री आपोआप पाळील. परंतु तो पाळला गेला की नाही हे सकाळी पाहणारा कोणी हवा. आमच्या नोकरीत बदली अटळ असते. उत्साही माणूस आरसा उभारतो, दोन वर्षांनी त्याची बदली होते, आणि त्याच्यामागे कोपऱ्यातले ते यंत्र धूळ खात जुना माल वाटत राहते. असा आरसा नसलेला बरा. म्हणून माझे मत असे आहे की कार्यभार सोपविताना खुर्च्या-कपाटांच्या यादीबरोबर आणखी एक कागद द्यावा: आपण कोणती यंत्रे चालवितो, त्यांना काय लागते, ते कोठून येते, आणि ते शेवटचे कधी ताजे केले.

तो कागद भरावयास बसले, की आपण कशावर अवलंबून आहोत हे कित्येकांना प्रथमच कळते. सारेच गोळा करणाऱ्याला हा प्रश्न स्वतःला कधी विचारावा लागत नाही. थोडेच ठेवावयाचे ठरविणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी विचारावा लागतो. लहान कोठीचा मोठा लाभ कोणता असेल, तर हाच.