दारू सोडवायची म्हणजे काय

मंडळी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जाम नदीवर गोटमार होते. दगड कुणाला लागला, हे आपण वर्षभर सांगतो. त्या दिवशी पिऊन पडलेल्याला घरी कसे आणले, हे मात्र कुणी सांगत नाही.

साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण मराठीतले व्यसनमुक्तीचे एक मोठे काम लेखनातूनच उभे राहिले. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, मदतीला उभे राहिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झाले. ते घडवले डॉ. अनिता अवचटांनी. तिथे व्यसनी माणूस गुन्हेगार नव्हे, रुग्ण. पुढे बरे झालेल्यांतलेच कितीतरी जण तिथे कार्यकर्ते झाले.

आपल्याकडे काय होते? देवापुढे शपथ घालतात, नाहीतर खोलीत कोंडतात. शपथेला माझी हरकत नाही; पण शपथ म्हणजे उपचार नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर हात थरथरतात, झोप उडते, कुणाला झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊन माणूस भलतेच बडबडू लागतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली! अशा वेळी जीवही जातो. म्हणून ते पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीत, औषधे आणि ‘बी-१’ जीवनसत्त्व देऊनच काढायचे असतात.

दुसरी गोष्ट, भाजीत गुपचूप कालवायची पुडी. त्यात डायसल्फिरम असेल आणि माणूस वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

दारू तोडल्याचा शरीराचा त्रास बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो. सवय उतरत नाही. मुक्तांगणात पस्तीस दिवस ठेवतात ते त्यासाठी, आणि घरी आल्यावरही पाठपुरावा लागतोच. कुणी पुन्हा प्यायला, तर ‘गेला वाया’ म्हणू नका. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली, तर आपण त्याला घराबाहेर काढतो का?

नागपूर आपल्याला जवळ. तिथल्या मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन १४४४६. तो पिणाऱ्यानेच लावावा असे नाही. बायको, आई, भाऊ, कुणीही लावू शकते.