प्रार्थनामंदिर कोणाचे?



एखाद्या वस्तीतील माणसे पैपैसा जमवून प्रार्थनेसाठी वास्तू उभारतात. पुढे त्यांच्यात फूट पडते. अशा वेळी ती वास्तू कोणाची? ज्यांनी पैसे दिले त्यांची, ज्यांची संख्या अधिक त्यांची, की ज्या पंथाच्या नावाने ती उभी राहिली त्या पंथाची? अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मेकन शहरात व्हाईनविल नावाचा भाग आहे. तेथील एका ख्रिस्ती मंडळीवर हा प्रश्न कोसळला आणि तो त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ती हकीकत आज मी आपणांपुढे ठेवणार आहे.

ही मंडळी प्रेस्बिटेरियन पंथाची. मिरजेच्या मिशन रुग्णालयामुळे हे नाव आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. या पंथात बिशप नसतो. सभासद आपल्यातील वडील निवडतात. अनेक मंडळ्यांचे पाळक व वडील मिळून प्रेस्बिटरी होते. तिच्यावर सिनड आणि सर्वांच्या वर महासभा. म्हणजे सत्ता खालून निवडून वर जाते, पण एकदा वर गेल्यावर तिचा हुकूम खाली चालतो. सारा तंटा या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

व्हाईनविलची मंडळी 1904 साली स्थापन झाली आणि ऑगस्टा-मेकन प्रेस्बिटरीत दाखल झाली. तिची जागा तीन व्यवहारांत मिळाली. खरेदीखते कोठे ‘व्हाईनविल प्रेस्बिटेरियन चर्चचे विश्वस्त व त्यांचे उत्तराधिकारी’ यांच्या नावे, तर कोठे नुसती चर्चच्या नावे आहेत. पैसा सर्वस्वी स्थानिक सभासदांचा होता. आम्हां वकिलांना खत वाचण्याची खोड असते. देणगी देणारा मात्र पावतीसुद्धा जपून ठेवीत नाही. खतात आपण कोणते नाव घालीत आहोत याचा विचार 1904 साली कोणी केला असेल, असे मला वाटत नाही.

ही मंडळी ज्या दक्षिणी पंथशाखेत होती, तिचा जन्म ध्यानात घेतल्यावाचून पुढचे समजणार नाही. गुलामगिरीच्या रक्षणासाठी दक्षिणेची राज्ये संघराज्यातून फुटली, तेव्हा तेथील प्रेस्बिटेरियनही फुटले, आणि डिसेंबर 1861 मध्ये जॉर्जियातीलच ऑगस्टा शहरी त्यांनी आपली वेगळी महासभा भरविली. माणसाला जनावराप्रमाणे विकण्याच्या प्रथेला शास्त्राचा आधार काढून देणारे पंडित याही शाखेत होते. शास्त्राचा आधार म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

यादवी युद्ध संपताच 1865 साली मूळ महासभेने ठराव केला की, बंडात स्वखुशीने सामील झालेल्यांनी आणि गुलामगिरी ईश्वरनिर्मित मानणाऱ्यांनी पश्चात्ताप केल्यावाचून त्यांना सभासद करून घेऊ नये. केंटकी राज्यातील लुईव्हिल प्रेस्बिटरीने हा ठराव धुडकावला, आणि त्या शहरातील वॉलनट स्ट्रीट चर्चमध्ये दोन तट पडले. 1872 साली सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्या. मिलर यांनी निर्णय दिला: पंथाच्या सर्वोच्च सभेने धर्मविषयक प्रश्नाचा जो निकाल दिला, तो न्यायालयाने मानावा. वास्तू महासभेशी निष्ठावंत राहिलेल्या तटास मिळाली. त्या दिवशी वरिष्ठ सभेची सत्ता गुलामगिरीच्या विरोधकांच्या उपयोगी पडली.

शंभर वर्षांनी वारे उलटे वाहू लागले. दक्षिणी शाखेने 1964 साली स्त्रियांना पाळक व वडील होण्याचा अधिकार दिला. नागरी हक्कांच्या प्रश्नांवर तिची महासभा बोलू लागली. जुन्या मताच्या मंडळ्यांना हे रुचले नाही. 1966 साली सव्हाना शहरातील दोन मंडळ्या बाहेर पडल्या. मूळ पंथच आपल्या सिद्धान्तापासून ढळला की काय, हे ठरविण्याचे काम तेथे ज्यूरीकडे आले आणि ज्यूरीने मंडळ्यांच्या बाजूने कौल दिला. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कोणता सिद्धान्त खरा, हे ठरविणे दिवाणी न्यायालयाचे काम नव्हे, असे न्या. ब्रेनन यांनी बजाविले. मला हा निर्णय सर्वथैव योग्य वाटतो.

आता व्हाईनविल. 27 मे 1973 रोजी मंडळीची सभा भरली. पंथ सोडावा या बाजूने पाळकासह 164 मते पडली; विरुद्ध 94. बहुमतवाले पुढे प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका या नव्या पंथात गेले आणि वास्तू त्यांच्याच ताब्यात राहिली. 94 जणांची नावे पटावर तीन वर्षे होती, पण ते अन्यत्र प्रार्थना करू लागले. प्रेस्बिटरीने चौकशी करून लेखी ठरविले की, हे अल्पमतवालेच खरी मंडळी होत. बहुमतवाल्यांनी त्या चौकशीत भाग घेतला नाही, वर अपीलही केले नाही. अल्पमतवाले न्यायालयात गेले आणि जॉर्जियाच्या न्यायालयांत हरले. खरेदीखते, राज्याचा कायदा, चर्चची सनद आणि पंथाची घटना यांपैकी कशातही, ही मालमत्ता पंथासाठी विश्वस्तनिधी आहे असा शब्द नव्हता.

2 जुलै 1979 रोजी सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. न्या. ब्लॅकमन म्हणाले की, राज्याला कोणत्याही मालमत्तेस लागू होणारे तटस्थ नियम वापरता येतात. मात्र मंडळीचे प्रतिनिधी म्हणून बहुमतवाल्यांनाच का मानले, याचा आधार स्पष्ट नाही. म्हणून खटला परत पाठविला. न्या. पॉवेल यांचे भिन्नमत मला अधिक टोचते. जो माणूस एखाद्या पंथाचे शासन पत्करून सभासद होतो, त्याने त्या शासनाचा निर्णय केवळ खतात शब्द नाही म्हणून झुगारावा काय? परंतु याला दुसरी बाजूही आहे. पैसा मंडळीचा, घाम मंडळीचा. दूरच्या सभेने कागदावर एक वाक्य न लिहिता त्यावर हक्क सांगावा, हेही न्यायाचे नव्हे. जॉर्जियाच्या न्यायालयाने त्याच वर्षी पुन्हा बहुमताच्या बाजूने निकाल दिला. व्हाईनविलच्या 164 जणांच्या मनात काय होते, हे मी सांगू इच्छित नाही. परंतु ते ज्या पंथात गेले, त्याच्या महासभेने 2016 साली नागरी हक्कांच्या काळातील वांशिक पापांबद्दल पश्चात्तापाचा ठराव केला, ही नोंद आहे.

न्या. ब्लॅकमन यांनी वाट दाखविली होतीच: पंथाला मालमत्ता हवी असेल, तर त्याने आपल्या घटनेत तसे स्पष्ट लिहावे. 1983 साली उत्तर आणि दक्षिण शाखा पुन्हा एक झाल्या, तेव्हा संयुक्त पंथाच्या घटनेत कलम आले की, प्रत्येक मंडळीची सर्व मालमत्ता, मग खत कोणाच्याही नावे असो, पंथासाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली समजावी. व्हाईनविलचे बहुमतवाले ज्या पंथात गेले, त्याच्या घटनेत नेमके उलट कलम आहे: मालमत्ता स्थानिक मंडळीची, आणि तिला वाटेल तेव्हा ती घेऊन बाहेर पडता येईल.