परदेशातील एक सत्र : मोकळीक आणि तिचे मोल



परदेशी शिक्षण म्हटले की एके काळी आपल्या डोळ्यांपुढे विलायत उभी राही. आज चित्र बरेच पालटले आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील उच्च शिक्षणसंस्थांत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या सर्वांत मोठी होती. यांतले बहुतेक पूर्ण पदवीसाठी जातात. पण काही जण दोन विद्यापीठांमधील करारानुसार केवळ एक सत्र तेथे काढतात आणि परत येऊन आपल्या कॉलेजात पुढचा अभ्यास करतात. आज आम्ही बोलणार आहोत ते या विद्यार्थ्यांविषयी. सहा महिन्यांत भाषा पुरती येत नाही, पदवी तर मिळतच नाही. मग एवढा खर्च आणि एवढी यातायात करून त्यांच्या पदरात पडते काय? पालक हा प्रश्न विचारतात आणि तो रास्तच आहे.

प्रथम सत्र म्हणजे काय ते पाहू. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र सामान्यतः १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. प्रत्यक्ष व्याख्याने मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच चालतात. उरलेल्या दिवसांना कोणी सुट्टी समजेल. पण तेथे त्यांचे अधिकृत नाव ‘व्याख्यानरहित काळ’ असे आहे. नावातच सारे आले. व्याख्याने थांबली तरी अभ्यास थांबत नाही, उलट खरा अभ्यास तेव्हाच सुरू होतो.

आपल्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो वेळापत्रकाचा. ते त्याच्या हाती कोणी देत नाही. त्याचे त्यानेच जुळवायचे असते. मोठ्या व्याख्यानाला तो जातो. वेळ दहाची असली तरी जुन्या परिपाठाप्रमाणे प्राध्यापक सव्वादहाला सुरुवात करतात. व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्या वाजवीत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकांवर टकटक करतात. या गमती चार दिवसांत अंगवळणी पडतात. पडत नाही ती एकच गोष्ट : अशा व्याख्यानात बहुधा हजेरीच कोणी घेत नाही! ७५ टक्के उपस्थितीच्या धाकात वाढलेल्या मुलाला पहिला आठवडा स्वर्गसुखाचा वाटतो. दुसऱ्या महिन्यात त्याच्या ध्यानात येते की, आपण गेलो नाही तर बिघडते ते आपलेच. दुसऱ्या कोणाला त्याची खबरही नसते.

याहून मोठी कसोटी सेमिनारची. तेथे पंधरा-वीस विद्यार्थी टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेका विषयावर बोलायचे आणि मग इतरांनी त्याचे म्हणणे तपासायचे. सत्राअखेर एक निबंध लिहून द्यायचा. त्यासाठी विद्यार्थी प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या तासाला जातो आणि अदबीने विचारतो, ‘सर, मी कशावर लिहू?’ त्यावर प्राध्यापक उलट त्यालाच विचारतात, ‘तुमचा प्रश्न काय आहे?’ येथे पुष्कळांची बोबडी वळते. आजवर प्रश्न विद्यापीठाने काढायचे आणि उत्तर आपण द्यायचे, अशीच वाटणी त्याला ठाऊक. प्रश्नही आपलाच असावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. १८१० मध्ये बर्लिनचे विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या मुळाशी विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांचा विचार होता. शिक्षक विद्यार्थ्यासाठी नाही आणि विद्यार्थी शिक्षकासाठी नाही, दोघेही ज्ञानासाठी आहेत, हे त्या विचाराचे सार. त्यातूनच शिकवणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि शिकणाऱ्याचे स्वातंत्र्य ही जोडी रूढ झाली. १९९९ च्या बोलोन्या करारानंतर यूरोपभर पदव्यांचा साचा एक झाला, दर सत्राला ३० श्रेयांकांचा हिशोब आला आणि ती जुनी मोकळीक बरीच आवळली गेली. तरीही आपल्याकडून गेलेल्या मुलाला ती भरपूर जाणवते.

पण विद्यापीठाच्या दाराबाहेर पाऊल टाकावे, तो सारे उलट! राहायला आल्यावर साधारणतः दोन आठवड्यांत आपला पत्ता सरकारी कचेरीत नोंदवायचा. आरोग्यविमा असल्यावाचून विद्यापीठात नाव दाखल व्हायचे नाही. कागद, काच आणि ओला कचरा वेगवेगळा टाकायचा. रविवारी बहुतेक दुकाने बंद आणि घरात ठोकाठोक करायची नाही. पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत भरायची आणि बाटली परत केली की ती परत घ्यायची. वर्गात कोणी विचारीत नाही आणि गावात पदोपदी नियम! विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. वास्तविक ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. बाटलीमागे पहारेकरी नसतो आणि व्याख्यानाच्या दाराशीही नसतो. दोन्हीकडे माणूस आपले काम आपण करील असे गृहीत धरलेले असते.

हा विश्वास भाबडा मात्र नाही. निबंधाला विद्यार्थी एक प्रतिज्ञापत्र जोडतो : हे लिखाण माझे आहे, दुसऱ्याचे जे घेतले ते सांगून घेतले आहे. त्या सहीचे वजन केवढे? २०११ मध्ये प्रबंधातील उचलेगिरी उघड होऊन तेथील संरक्षणमंत्री गुटेनबेर्ग यांची डॉक्टरेट गेली आणि पाठोपाठ मंत्रिपदही गेले. २०१३ मध्ये तर खुद्द शिक्षणमंत्री शावान यांच्यावर तीच पाळी आली.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, हे तर जर्मन विद्यापीठाचे स्तोत्र झाले! तसे नाही. याच विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी १० मे १९३३ रोजी गावोगाव पुस्तकांच्या होळ्या पेटवल्या आणि कित्येक प्राध्यापक त्यात सामील झाले. स्वातंत्र्याची परंपरा शंभर-सव्वाशे वर्षांची होती, तरी ती आपोआप उपयोगी पडली नाही. मोकळीक मिळणे ही एक गोष्ट आणि वेळ आली असता ती वापरणे ही दुसरी.

ती वापरावी कशी, याचे उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. इरावती कर्वे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवशास्त्राचा प्रबंध लिहिला. विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा. ही असमानता वंशाशी निगडित असावी, असा गुरूंचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापे जे सांगत होती तेच लिहिले : या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. हेच फिशर पुढे १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि नाझींच्या वंशविषयक धोरणाला त्यांनी आपल्या विद्वत्तेचा टेकू दिला. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या हाती आपली पदवी त्यांच्याच मताविरुद्ध एका तरुण मराठी स्त्रीने पुरावा मांडला. शिकणाऱ्याचे स्वातंत्र्य म्हणतात ते हे.

तेव्हा पालकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, सहा महिन्यांत जर्मनी समजत नाही. परंतु विद्यार्थ्याला स्वतःचा एखादा प्रश्न सापडू शकतो, आणि तो सापडला तर खर्च वाया गेला असे म्हणू नये. आपला मुलगा वा मुलगी परत आली म्हणजे गुण किती मिळाले हे जरूर विचारा. तेथे १ हा आकडा सर्वांत चांगला असतो, म्हणून तो पाहून घाबरू नका! पण त्याबरोबर हेही विचारा : कोणा शिक्षकाचे म्हणणे तुला पटले नाही काय? नसेल पटले, तर पुरावा काय दिलास?

आणि आपल्या कॉलेजांना एक विनंती. असा विद्यार्थी परत येऊन वर्गात हात वर करील, तेव्हा त्याला खाली बसवू नका. नाहीतर त्याने तिकडे कमावलेले इकडे पहिल्याच आठवड्यात हरवेल, आणि तो दोष जर्मनीचा नसेल.