गोडीचे पृथक्करण आणि खानदेशचा शेतमाल



केळी आणि मका ही खानदेशची दोन महत्त्वाची पिके. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. धुळे जिल्ह्यात दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च व द्रवरूप ग्लुकोज तयार होते. दोन्ही पिकांचे मोल त्यांतील पिष्टात आणि त्या पिष्टापासून होणाऱ्या साखरेत आहे.

कच्च्या केळीच्या गरात सुमारे वीस टक्के पिष्ट असते. फळ पिकताना त्याचे रूपांतर ऊसशर्करा, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या तीन शर्करांत होते. जिभेला ही गोडी एकच वाटते. परंतु फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा पुष्कळ अधिक गोड असते. या दोहोंच्या रेणूंत अणू तेवढेच, केवळ मांडणी निराळी. त्यामुळे गाळून वा आटवून त्या वेगळ्या होत नाहीत.

येथे स्तंभ वर्णलेखन उपयोगी पडते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानांतील रंगद्रव्ये वेगळी केली. शर्करांसाठी नळीत कॅल्शियमयुक्त रेझीनचे बारीक मणी भरतात. वरून शर्करांचे द्रावण सोडून मागोमाग ऊन पाणी सोडतात. फ्रुक्टोज कॅल्शियमशी सलगी करीत रेंगाळते, ग्लुकोज पुढे निघून जाते. बाजारच्या गर्दीत दुकानोदुकानी थांबणारा मागे पडावा, तसाच हा प्रकार. खाली येणारे पाणी क्रमाने निरनिराळ्या पात्रांत धरले की काम झाले. शर्करा रंगहीन असल्याने त्यांची ओळख ध्रुवणमापकाने पटते: ग्लुकोज ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविते, फ्रुक्टोज डावीकडे.

मक्याच्या ग्लुकोजवर विकराची प्रक्रिया केल्यास सुमारे ४२ टक्के फ्रुक्टोज असलेला पाक मिळतो. त्यापुढचे प्रमाण गाठण्यासाठी जगभरचे कारखाने याच स्तंभाचा आश्रय घेतात.

मात्र स्तंभ नवी साखर निर्माण करीत नाही. असलेली निवडून देतो. शिवाय पातळ झालेला पाक आटविण्यास इंधन लागते. म्हणून प्रतवारीत बाजूला पडलेल्या केळीवर असा प्रक्रिया-उद्योग उभारण्यापूर्वी मालाचा पुरवठा, पाणी आणि इंधन यांचा हिशेब ग्रामपंचायतींनी व सहकारी संस्थांनी आधी मांडावा. शिक्षकांनी खडूच्या कांडीवर शाईचे रंग वेगळे करून हे तत्त्व विद्यार्थ्यांना दाखवावे. आपल्या शेतातील गोडी कशाची बनली आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच तिचे रास्त मोल मागता येते.