तान्ह्या बाळाचे ओकणे आणि घट्ट दुधाची बाटली
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या सभेपुढे केलेले भाषण)



छत्तीस वर्षे शाळेत खडू झिजविलेल्या, केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मजसारख्या शिक्षकाने तान्ह्या मुलांच्या दुधावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयात माझ्या हातून घरात एक चूक घडली, आणि ती चूक गणिताची होती. म्हणून ती आपणांपुढे मांडण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

२०१९ साली आमच्या घरी नातू जन्मास आला. बाळंतपणानंतर सूनबाईंना मोठे आजारपण आले, अंगावरचे दूध पुरेना, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळास डब्यातील दूध बाटलीने सुरू झाले. दोन महिन्यांचा होईपर्यंत बाळाची एक तक्रार ठरून गेली. दूध पिऊन झाले की ते ओके, पाठ ताठ करी आणि रडे. घरातील वडीलधाऱ्यांनी निदान केले, “दूध पातळ आहे, पोटात ठरत नाही. घट्ट करून द्या.” सूनबाई हळूच म्हणाल्या, “बाबा, एकदा डॉक्टरांना विचारू या का?” मी उत्तरलो, “यात काय विचारायचे? आमची मुले अशीच वाढली.” मग तांदळाची पिठी भाजून बाटलीत घातली. दूध निपलातून उतरेना, म्हणून मी स्वतः सुई तापवून भोक मोठे केले. भरीला उशाशी दोन उशा रचल्या.

दोन रात्री बाळ शांत निजले. तिसऱ्या दिवशी दूध पिताना त्यास ठसका लागला, दूध नाकावाटे आले, आणि क्षणभर श्वास अडकून बाळ निळसर पडले. सूनबाईंनी त्यास उचलले व ते रडू लागले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. शौचासही तीन दिवस झाले नव्हते. तसेच दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी बाळास तपासले आणि विचारले, “पिठी किती घातलीत?” मी म्हणालो, “चिमूटभर.” ते म्हणाले, “गुरुजी, गणिताच्या पेपरात ‘चिमूटभर’ हे उत्तर चालते काय?” नंतर त्यांनी कागद पुढे केला. बाळाचे वजन साडेचार किलो. या वयाच्या बाळास दिवसाकाठी दर किलोस सुमारे १५० मिलिलिटर दूध पुरते, म्हणजे ६७५ मिलिलिटर. आठ वेळांत वाटले तर एका वेळेस सुमारे ८५. आम्ही देत होतो १२०, आणि बाटली संपलीच पाहिजे हा घरचा कायदा! म्हणजे दिवसाला ९६० मिलिलिटर. लोटा भरल्यावरही ओतीत राहिलो, तर पाणी बाहेर सांडणारच. जन्मभर मुलांना भागाकार शिकविणाऱ्या मला हा भागाकार सुचला नाही.

बाळ का ओकते हेही त्यांनी समजाविले. अन्ननलिका जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. तान्ह्या बाळात ते पुरेसे घट्ट मिटत नाही, म्हणून दूध व आम्लरस वर येतात. पहिल्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वांत अधिक असते आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत बहुतेकांचे आपोआप थांबते. बाळ हसते-खेळते आहे व वजन वाढते आहे, तर कपडे धुण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

बाळाचे माप कमी केले, दर वेळी ढेकर काढली आणि पाजल्यावर अर्धा तास त्यास खांद्याशी उभे धरले. ओकणे निम्म्यावर आले. तरीही ते कळवळून रडे, म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम घट्ट केलेले दूध दोन आठवड्यांसाठी लिहून दिले. ते दोन प्रकारचे असते. एकातील पिष्ट जठरातील आम्लात गेल्यावर दाटते, म्हणून ते साध्या निपलातून उतरते; त्यासोबत आम्ल कमी करण्याचे औषध दिले, तर ते नीट दाटत नाही. दुसऱ्यात कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांचा डिंक असतो. ते बाटलीतच दाट असते व त्यास मोठ्या भोकाचे तयार निपल लागते. आम्हांस पहिला प्रकार मिळाला. डब्यातील चमच्यानेच मोजायचे, वर काही घालायचे नाही, अशी ताकीद होती. अशा दुधाने दिसणारे ओकणे कमी होते. आम्ल वर येणे थांबतेच असे नाही. आमच्या बाळास मात्र त्याने आराम पडला.

घरगुती पिठी का नको? तिने दुधातील उष्मांक भरमसाट वाढतात, बद्धकोष्ठ होतो, आणि सुईने पाडलेल्या भोकातून दूध एकदम घशात येते. आईच्या दुधात तर पिष्ट पचविणारा रस असतो, त्यामुळे पिठी त्यात विरघळून पुन्हा पातळच होते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळास तर दूध घट्ट करण्याची कोणतीही पूड डॉक्टरांवाचून देऊच नये; आतड्यास गंभीर इजा होण्याचा धोका असतो. आणि उशा? त्याही काढल्या. ओकणाऱ्या बाळासही सपाट गादीवर पाठीवरच निजवावे.

भगिनींनो, पुढील लक्षणे दिसल्यास मात्र घरी थांबू नये: हिरवी किंवा रक्तमिश्रित उलटी, पिचकारीसारखी जोराची उलटी, वजन न वाढणे, दूध नाकारणे, ताप, श्वासास त्रास. तत्क्षणी डॉक्टर गाठावा.

आईचे दूध सहा महिने एकट्यानेच पुरते आणि त्यास तोड नाही, हे आपण जाणताच. बाळांच्या डब्यांच्या व बाटल्यांच्या जाहिरातींस आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती याचकरिता. परंतु काही कारणाने जिला बाटली घ्यावी लागते, तिला दोष देऊ नये. आमच्या सूनबाईंनी ते दोन महिने ‘तुझे दूध असते तर’ हे वाक्य किती वेळा ऐकले असेल, त्याची मोजदाद मी केली नाही. ही माझी दुसरी चूक.

आज नातू शाळेत जातो आणि बेरजा माझ्याहून जलद करतो. त्याच्या आईने त्या दिवशी विचारलेला प्रश्न मी ऐकला असता, तर तो ठसका टळला असता. आपल्या घरांत वडिलांचा मान मोठा आहे आणि तो राहावा. पण तो मान राखण्याकरिता घरातील सर्वांत लहान जिवाने किंमत मोजू नये, आणि सूनबाईने विचारलेला प्रश्न उद्धटपणा समजला जाऊ नये, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.